बिस्मथ ऑक्साइडचं गॅमा रूप भट्टीत करायचंय. पोर्सेलिनचं क्रुसिबल (मूस) चालेल का? आणि एकाच सूत्राची इतकी रूपं का असतात?

नाही चालणार. आणि एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखायच्या चाचणीचा) पॅटर्न गॅमासारखा आला म्हणून हातातला पदार्थ गॅमाच आहे, असंही धरू नका. या एका गोष्टीपायी माझ्या पीएचडीचं अख्खं वर्ष गेलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

दहा ग्रॅम पिवळी पूड, म्हणजे अल्फा, खोलीच्या तापमानाला नेहमी असतं ते रूप, मी पोर्सेलिनमध्ये ८५० अंशांपर्यंत नेली. ८२५च्या आसपास ती वितळते. मग रात्रभर भट्टी सावकाश उतरू दिली. सकाळी पॅटर्नमध्ये अल्फाच्या रेषांचा मागमूस नव्हता, सगळं स्वच्छ बॉडी-सेंटर्ड क्यूबिक, म्हणजे गॅमाची घनाकार रचना. गॅमा थंड होताना ६४० अंशांच्या आसपास तयार होतो आणि पुढे बहुधा अल्फात जातो. आमचा मात्र खोलीच्या तापमानाला टिकलेला! गाईडनी त्याच दुपारी पेपरचं शीर्षक लिहून काढलं.

मला ३१० ची रेषा (पॅटर्नमधली गॅमाची एक ठळक रेषा) खुपत होती. तांब्याच्या किरणांना ती २७.४५ अंशांजवळ यायला हवी, आमची होती २७.९ जवळ. सर म्हणाले, "नमुना होल्डरमध्ये वर आलाय, उंचीची चूक आहे." तशी चूक होते, मान्य. पण एवढं सरकायला नमुना अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वर हवा, आणि तो मी स्वतः काचेने सपाट केलेला. म्हणून पुडीत चिमूटभर सिलिकॉन पावडर मिसळून पुन्हा स्कॅन घेतला; तिच्या रेषेची जागा पक्की माहीत असते, उंची चुकली असती तर तीही सरकली असती. सिलिकॉनची रेषा २८.४४ वर, जागच्या जागी. आमची सरकलेलीच. सेल, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणारा घन, निघाला १०.११ अँगस्ट्रॉमचा. खऱ्या गॅमाचा साधारण १०.२७ असतो. १०.१० म्हणजे सिलेनाइट, एक वेगळंच संयुग: बारा बिस्मथ, एक सिलिकॉन, वीस ऑक्सिजन.

सिलिकॉन आला क्रुसिबलमधून. पोर्सेलिनमध्ये सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) आणि अॅल्युमिना असतात; वितळलेलं बिस्मथ ऑक्साइड सिलिका खातं, अॅल्युमिनाही खातं. दहा ग्रॅमचं पूर्ण सिलेनाइट व्हायला जेमतेम २१५ मिलिग्रॅम सिलिका लागते. क्रुसिबलच्या तळाला तेवढी सहज सुटते.

"सिलिकॉन असता तर एक्सआरडीत दिसला नसता का?" हा सरांचा प्रश्न. नसता दिसला. बिस्मथचे ८३ इलेक्ट्रॉन, सिलिकॉनचे १४, ऑक्सिजनचे ८. क्ष-किरणांना दिसतो तो मुख्यतः बिस्मथचा सांगाडा, आणि तो गॅमात न् सिलेनाइटमध्ये एकाच धाटणीचा. ऑक्सिजन नीट बघायचा तर न्यूट्रॉन डिफ्रॅक्शन हवं. आपल्यासारख्यांच्या हाताशी उरतं ते सेलचं माप, आणि तेच झटकून टाकायचं?

दुसऱ्या विभागातून प्लॅटिनमचं क्रुसिबल मागून आणलं. तीच पूड, तोच कार्यक्रम, आणि बाहेर आला साधा पिवळा अल्फा. मी दोन्ही पॅटर्न सरांच्या टेबलावर ठेवले. पेपर तरीही गेला. माझं नाव काढायला मीच सांगितलं. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

एकाच सूत्राची इतकी रूपं का, हेही तुम्ही विचारलंय. बिस्मथची ६एस मधली इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी एका बाजूला जागा अडवते, त्यामुळे ऑक्सिजन त्याच्याभोवती वाकडेतिकडे बसतात, आणि तापमानानुसार ही बैठक बदलते. ७३० अंशांवर डेल्टा मिळतो: फ्लुओराइटची (कॅल्शियम फ्लुओराइड या खनिजाची) रचना, पण ऑक्सिजनच्या एक चतुर्थांश जागा रिकाम्या. म्हणूनच त्यातून ऑक्साइड आयन इतके सहज पळतात.

तेव्हा प्लॅटिनम वापरा. फक्त त्यात बिस्मथ धातू, कोळसा किंवा फिल्टर पेपरचे तुकडे जाऊ देऊ नका. ऑक्साइडचं क्षपण होऊन धातू सुटला की तो प्लॅटिनमशी मिश्रधातू करतो आणि क्रुसिबल कामातून जातं. आणि हेही सांगायला हवं की सावकाश थंड केलेला शुद्ध गॅमा कधी कधी खोलीच्या तापमानापर्यंत खरंच टिकतो. म्हणजे सरांची आशा चूक नव्हती, पुरावा चूक होता.

तुमचे गाईड "उंचीची चूक" म्हणाले, तर सिलिकॉन मिसळून पुन्हा स्कॅन घ्या आणि दोन्ही प्रिंट तारीख घालून वहीत चिकटवा. माझ्या वहीत ते अजून आहेत.