वाचकांचे प्रश्न : राहायला न्यू जर्सीत, नोकरी नदीपलीकडे

प्रश्न : आम्ही एडिसनला राहतो, नवऱ्याचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. आठवड्यातले तीन दिवस तो घरूनच काम करतो. पगारातून न्यूयॉर्कचा टॅक्स कापला जातो, तरी रिटर्न भरताना न्यू जर्सीचंही देणं निघालं. एकाच पगारावर दोनदा कर?

उत्तर : कर दोनदा नाही, रिटर्न मात्र दोन. आधी न्यूयॉर्कचं नॉन-रेसिडेंट रिटर्न, म्हणजे आयटी-२०३, पुरं करा. मग न्यू जर्सीचं एनजे-१०४० आणि त्याला जोडून शेड्यूल एनजे-सीओजे. न्यूयॉर्कला भरलेल्या कराचं क्रेडिट या शेड्यूलवर मिळतं, म्हणजे ती रक्कम न्यू जर्सीच्या करातून वजा होते.

गफलत नेमकी इथेच होते. लोक डब्ल्यू-२ च्या (कंपनी वर्षअखेर देते त्या पगार-कपातीच्या फॉर्मच्या) १७ व्या रकान्यातला आकडा उचलतात. तो नुसता कापलेला कर. सीओजेवर हवा आयटी-२०३ वर प्रत्यक्ष निघालेला कर. ९,००० डॉलर कापले गेले आणि २,००० परत येणार असतील, तर धरायचे ७,०००. तेही सगळे मिळतील असं नाही. त्या पगारावर न्यू जर्सीचा जेवढा कर बसतो, क्रेडिट तेवढ्यापुरतंच. न्यूयॉर्कचा कर त्याहून जास्त असेल तर वरचे पैसे गेले.

एवढं करूनही देणं उरलं, तर बहुधा ते व्याजाचं असतं. बँकेच्या व्याजावर न्यूयॉर्क तुमच्याकडून कर घेत नाही, मग त्याचं क्रेडिट येणार कुठून? भारतातल्या एफडीचं व्याजही न्यू जर्सीत मोजायचं, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातलं धरून. तिकडे कापलेल्या टीडीएसचा (व्याजातून आधीच कापलेल्या कराचा) उपयोग फेडरल रिटर्नपुरता; न्यू जर्सी परदेशी कराचं क्रेडिट देत नाही. शिवाय करपूर्व कापलेला आरोग्य विम्याचा हप्ता आणि एचएसएची (आरोग्यखर्चासाठीच्या बचत खात्याची) रक्कम न्यू जर्सी पगारातच धरते (४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, मात्र सुटते), म्हणून डब्ल्यू-२ वर दोन राज्यांचे पगार वेगळे दिसतात. ती छपाईची चूक नव्हे. देणं दरवर्षी ४०० डॉलरच्या वर जात असेल तर तिमाही एस्टिमेटेड टॅक्स (अंदाजे कर, आगाऊ) भरत चला, नाहीतर वर व्याज चढतं.

घरून केलेले दिवस न्यूयॉर्कबाहेरचे म्हणून वगळायचा मोह होईल. वगळू नका. काम घरून करणं ही कर्मचाऱ्याची सोय असेल, तर न्यूयॉर्क ते दिवस आपलेच धरतं. कंपनीने न्यू जर्सीतल्या क्लायंटकडे पाठवलं असेल तर ते दिवस खुशाल वगळा, पण तारखांची नोंद हवी.

प्रश्न : चेरी हिलला घर, फिलाडेल्फियात नोकरी. मलाही हेच लागू?

उत्तर : नाही. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीचा आपसात करार आहे. पगारावर कर फक्त राहत्या राज्याचा. कंपनीत रेव्ह-४१९ फॉर्म द्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियाची कपात थांबेल. आधी कापलेलं परत मिळवायला पीए-४०, म्हणजे पेनसिल्व्हेनियाचा रिटर्न, भरावा लागेल, सोबत न्यू जर्सीच्या रिटर्नची प्रत. फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स (पगारावरचा शहरी कर) मात्र या करारात येत नाही. तो कापला जाणारच. त्याचं क्रेडिट सीओजेवर घ्या.