तारकर्लीला जाण्यासाठी सात सीटर घ्यावी का?

प्रश्न: आम्ही हडपसरला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 92,000. त्यातून घराचा हप्ता 31,000, मुलीची शाळा आणि मुलाचं पाळणाघर 11,000, घरखर्च 28,000, विम्याचे हप्ते महिन्याला 4,000 आणि एसआयपी 8,000. मुलगी दुसरीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. नाताळच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन तारकर्लीला जायचंय. आमची वॅगन-आर नऊ वर्षांची, त्यात सहाजण मावत नाहीत. सासरे म्हणतात, नातू मांडीवर बसेल. भाड्याच्या सात सीटरचे पाच दिवसांचे 31,000 सांगितलेत. मिस्टर म्हणतात, एवढे भाड्यात घालवण्यापेक्षा गाडीच घेऊ. जत्रेलाही दरवर्षी सगळे जातोच. ऑन-रोड 13.20 लाख. जुनीचे 1.20 लाख येतील, एफडी मोडून 3 लाख भरू, 9 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी मिळतंय. एफडी एकच आहे, 3.20 लाखांची. दिवाळीचा बोनस 60,000 खात्यात पडून आहे. काय करावं?

उत्तर: गाडी या डिसेंबरात घेऊ नका. तारकर्लीला मात्र जरूर जा.

भाडं गेलं ते गेलं, गाडी निदान दारात राहते, हा तुमच्या मिस्टरांचा मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. पण व्याजही गेलं ते गेलंच. 9 लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षं म्हणजे महिन्याला साधारण 14,700 हप्ता आणि एकूण व्याज 3.36 लाख. तेवढ्यात 31 हजारांच्या दहा सहली होतात. सहाजण एकत्र निघण्याचे तुमचे प्रसंग वर्षाला दोन, एक सुट्टी आणि एक जत्रा. म्हणजे नुसत्या व्याजाच्या पैशांत पाच वर्षं भाड्याची गाडी दाराशी उभी राहील. गाडीची उतरत जाणारी किंमत, सर्व्हिसिंग, विमा हे मी अजून धरलेलंच नाही. शिवाय 13.20 लाखांच्या आकड्यात रोड टॅक्स आहे. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला तो किमतीनुसार 11 ते 13 टक्के लागतो आणि गाडी विकताना कुणी तो वेगळा मोजून देत नाही.

आता महिन्याचा हिशेब. तुम्ही दिलेले सगळे खर्च वजा केले तर हातात 10,000 उरतात. हप्ता 14,700 चा. वरचे 4,700 कुठून येणार ते पत्रात नाही, पण असे हिशेब रोज बघणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. एसआयपी ‘थोडे दिवस’ थांबते. मग मुलगी चौथीत जाते, फी वाढते, आणि ते थोडे दिवस काही संपत नाहीत.

हप्त्यापेक्षाही मला एफडीची काळजी वाटते. एसआयपी बाजूला ठेवली तरी तुमच्या घराला महिन्याला 74,000 लागतात. 3.20 लाख म्हणजे जेमतेम सव्वाचार महिने. दोन लहान मुलं, दोन ज्येष्ठांची जबाबदारी आणि गृहकर्ज असलेल्या घराला हेच कमी आहे. मी सहा महिने तरी मागितले असते. त्यातून 3 लाख शोरूमला दिले की उरतात 20,000. त्यानंतर कुणाची नोकरी गेली किंवा सासऱ्यांना रात्रीतून दवाखान्यात न्यावं लागलं, तर पहिला आधार क्रेडिट कार्डाचा. एफडी मुदतीआधी मोडली की बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. हप्ता भरता भरता नवी एफडी उभी राहायला कित्येक वर्षं जातील, त्याचं वाटतं.

शोरूममध्ये वर्षअखेरची सूट दाखवतील. सूट खरी असते. पण डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत कागदोपत्री मागच्या वर्षीची होते आणि विकताना ते वर्ष मोजलं जातं. दहा वर्षं वापरणार असाल तर फरक पडत नाही, पाच वर्षांत बदलणार असाल तर पडतो. जीएसटी कमी झाल्याचंही सांगतील. 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के झाला तो चार मीटरपर्यंत लांबीच्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना. त्याहून लांब सात सीटर 40 टक्क्यांत मोडतात. फास्टॅगच्या वार्षिक पासवर टोल वाचेल म्हणावं, तर तो 200 फेऱ्यांसाठी 3,000 रुपयांना सुरू झाला. पुणे-कोल्हापूर मार्गावर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चार नाके, जाऊन-येऊन आठ. तेवढ्यासाठी पास परवडत नाही.

तरी वॅगन-आर नऊ वर्षांची आहे, दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागणारच. जानेवारीपासून ते उरणारे 10,000 आरडीत टाका. दोन वर्षांत अडीच लाखांच्या वर जमतील, एफडीला हात न लावता. तेव्हा कर्ज पाच वर्षांचंच घ्या. सासू-सासरे कायमचे तुमच्याकडे राहायला येणार असतील तर मला परत लिहा, मग माझं उत्तर बदलेल.

राहिली सहल. सासऱ्यांचा मांडीवरचा उपाय विसरा. पाच सीटच्या गाडीत सहावा माणूस बसला की तीन वर्षांच्या मुलाला पट्टाच उरत नाही. 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालआसनाशिवाय बसवलं तर कायद्याने 1,000 रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, फोंडा घाटाच्या वळणावर करकचून ब्रेक लागला की मांडीवरचं पोर कुणाच्या हातात राहत नाही. ज्येष्ठांना एसटीने पाठवून तुम्ही चौघांनी आपल्या गाडीने जाणं सर्वांत स्वस्त. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं मिळून नऊशे किलोमीटरला साडेपाच हजारांचं पेट्रोल, आणि एसटीत महिलांना अर्धं तिकीट. पण सबंध दिवस एसटीत बसवायचं आणि मग चौघांनी मागून मजेत यायचं, हा वाचवलेला पैसा मला पटत नाही.

म्हणून भाड्याचीच गाडी, पण चार दिवसांसाठी. तुम्हाला सांगितलेला दर किलोमीटरला 18 रुपये, दिवसाला किमान 300 किलोमीटर आणि चालकाचा भत्ता 500 असा दिसतो. पाचाऐवजी चार दिवस केले की टोल-पार्किंग धरून 31 चे 25 हजारांवर येतात. तसंही तुम्ही नऊशेच किलोमीटर फिरणार आणि पैसे देणार बाराशेंचे, म्हणून मुक्कामी मालवण, देवबाग, तोंडवळी सगळं त्याच गाडीने करा, वेगळी रिक्षा करू नका. नाताळ ते 31 डिसेंबर टाळा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घरगुती राहण्याची सोय बघा. दोन खोल्यांचे रात्रीला पाच हजार धरले तर तीन रात्रींचे 15,000. जेवणखाण 11,000, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि बाकीचं किरकोळ 4,000. एकूण 55,000, बोनसमध्ये बसतं. दुसरीतल्या मुलीची तीन दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या. लहान मुलांना पाण्यात खेळायला मालवणचा चिवला किनारा बरा, तारकर्लीला लाटा जास्त लागतात.

ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळ्या पाटीचीच ठरवा आणि तीन गोष्टी मेसेजवर लिहून घ्या: किलोमीटर तुमच्या दारापासून मोजणार की त्यांच्या गॅरेजपासून, रात्री दहानंतर गाडी चालली तर वेगळा भत्ता आहे का, आणि घाटात पोरांनी उलटी केली तर गाडी धुण्याचे पैसे कोण देणार.