गिनी 21 शिलिंगचीच का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. आजीच्या डब्यात निघालेली 1918 सालची गिनी खरी गिनी आहे का, हा एक. आणि गिनी म्हणजे 21 शिलिंग, तर पौंडाचे सरळ 20 सोडून हा 21 चा आकडा आला कुठून, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ती गिनी नाही, सॉव्हरिन आहे, म्हणजे इंग्लंडचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं. 1814 नंतर इंग्लंडात गिनी पाडलीच नाही. आपल्याकडे सराफांपासून आजीपर्यंत सगळे सॉव्हरिनलाच गिनी म्हणत आले, म्हणून हा घोळ. पण तुमच्या नाण्याचा आणि त्या 21 चा संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. तो खाली येईलच.

राजा दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, 1663 साली, लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत गिनी सुरू झाली तेव्हा ती 20 शिलिंगचीच होती. एक नाणं, एक पौंड, हिशेब चोख. सोनं 22 कॅरेट, आणि एका ट्रॉय पौंड (हे सोन्याचांदीचं वजन, सुमारे 373 ग्रॅम) सोन्यात साडेचव्वेचाळीस नाणी, म्हणजे एकेक सुमारे 8.39 ग्रॅमचं. नाव पडलं ते आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून. तिथलं सोनं आणणाऱ्या कंपनीचं चिन्ह हत्ती; तिच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली तो इवलासा हत्ती दिसतो. संग्राहक त्याच्यासाठी जास्त पैसे मोजतात. हीच कंपनी गुलामांचाही व्यापार करायची, हे मात्र लिलावाच्या कॅटलॉगात बारीक अक्षरातसुद्धा सहसा सापडत नाही.

मग 20 चे 21 कसे झाले? त्या काळी इंग्लंडचा हिशेब चांदीत चालायचा. शिलिंग चांदीचं, पौंड म्हणजे 20 शिलिंगांची चांदी. सोन्याच्या नाण्यावर किंमत छापलेली नव्हती, त्यामुळे बाजार म्हणेल ती गिनीची किंमत. ती हळूहळू 21-22 शिलिंगांवर गेली. खरी पंचाईत केली ती चांदीच्या जुन्या नाण्यांनी. ती घणाने ठोकून पाडलेली, वेडीवाकडी, कडेला काहीही खूण नसलेली. कातरीने कड कातरून ती चांदी वितळवायची आणि उरलेलं नाणं पुढे खपवायचं, हा धंदाच होऊन बसला. पकडलं तर फाशी, तरी लोक करायचे. 1695 च्या सुमारास चलनातल्या जुन्या चांदीचं वजन जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. गिनी यंत्रावर पाडलेली, कडेला नक्षी असलेली. तिला कातर लावली की लगेच कळायचं. साहजिकच लोक एका गिनीसाठी ही झिजकी शिलिंगं 30 पर्यंत द्यायला लागले. गिनी महागली नव्हती, शिलिंग हलकं झालं होतं.

1696 साली सरकारने जुनी चांदी परत घेऊन नवी नाणी पाडायला काढली. त्याच वर्षी टांकसाळीत एक नवा अधिकारी आला, आयझॅक न्यूटन. हो, तेच. पुढे 1699 पासून ते टांकसाळीचे प्रमुख झाले. नवी चांदी आल्यावर गिनी खाली उतरली आणि साडेएकवीस शिलिंगांवर (21 शिलिंग 6 पेन्स; तेव्हा एका शिलिंगाचे 12 पेन्स) थांबली. तरीही ती महागच होती. या भावाने इंग्लंडात एक भार सोन्याला साडेपंधरा भार चांदी पडायची. न्यूटनने 1717 च्या आपल्या अहवालात लिहिलंय की चीन-जपानात हे प्रमाण नऊ-दहा आहे, हिंदुस्थानात बारा. म्हणजे चांदी पूर्वेकडे नेली की तिला सोनं जास्त मिळणार. मग चांदी इंग्लंडात कशाला थांबेल? ईस्ट इंडिया कंपनी सुरत-मुंबईकडे चांदी आणतच होती. नवीकोरी शिलिंगं वितळून जहाजावर चढत होती.

आता गंमत बघा. न्यूटनच्या हिशेबाने युरोपातल्या भावाप्रमाणे गिनीची रास्त किंमत 20 शिलिंग 8 पेन्स होती. म्हणजे 10 ते 12 पेन्स कमी करायला हवे होते. पण त्याने सुचवलं की आधी 6 पेन्स काढून बघा, परिणाम दिसला की पुढचं ठरवू. डिसेंबर 1717 मध्ये राजाज्ञा निघाली, गिनी 21 शिलिंगांची झाली. आणि ते 'पुढचं' कधी ठरलंच नाही! चाचपणी म्हणून काढलेला आकडा जवळपास शंभर वर्षं टिकला. चांदीचं जाणं थांबलं नाही, सोनं मात्र देशात राहिलं, आणि इंग्लंड कोणी ठराव न करता सोन्याच्या चलनावर आलं. पुढे 1729 पासूनच्या काही गिन्यांवर दुसऱ्या जॉर्जच्या मुखवट्याखाली ईआयसी अशी अक्षरं आहेत. ते सोनं ईस्ट इंडिया कंपनीनेच टांकसाळीला दिलेलं.

आता तुमचं नाणं काट्यावर ठेवा. ते 7.99 ग्रॅम भरेल, जुन्या तोळ्याच्या पाऊण भागाहून थोडं कमी. हे असलं अडनिडं वजन का? 1816 च्या कायद्याने गिनी गेली, 1817 पासून 20 शिलिंगांचं सॉव्हरिन आलं. सोन्याचा भाव मात्र 1717 चाच ठेवला. गिनीच्या 8.387 ग्रॅमला 21 ने भागा, 20 ने गुणा. उत्तर 7.988. घराघरातल्या 'गिन्यांचं' वजन असं त्या सहा पेन्सांच्या कपातीवर ठरलेलं आहे.

गिनी नाण्यांतून गेली तरी हिशेबातून गेली नाही. वकील, डॉक्टर, चित्रकार यांची फी गिनीतच सांगायची रीत होती, ती 1971 च्या दशमान चलनापर्यंत चालली. इंग्लंडात न्यूमार्केटला शर्यतीच्या घोड्यांचे लिलाव आजही गिनीत बोलतात. एक गिनी म्हणजे आता 1 पौंड 5 पेन्स (जुन्या एका शिलिंगाचे दशमान चलनात 5 नवे पेन्स झाले). परंपरेने पौंड विकणाऱ्याचा आणि वरचे 5 पेन्स लिलाववाल्याचे.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच. घोडेस्वार ड्रॅगनला मारतोय त्या बाजूला, सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर भिंगाने बघा. तिथे बारीक इंग्रजी 'आय' असेल तर नाणं मुंबईचं. पहिल्या महायुद्धात रॉयल मिंटची, म्हणजे त्याच लंडनच्या टांकसाळीची, शाखा मुंबईत निघाली होती, तिने सॉव्हरिनं पाडली ती फक्त 1918 च्या सालाची. माळेत ओवायला कडी डाखलेली असेल तर संग्राहकाकडे भाव पडतो, पण म्हणून ती काढायला सोनाराकडे नेऊ नका, खूण राहतेच. घासूनपुसून चकचकीतही करू नका. नकली सॉव्हरिनं पुष्कळ फिरतात, म्हणून वजन आणि व्यास (22 मिलिमीटर) दोन्ही मोजा. आकडे आणि दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, मग बघू.