ही चळवळ आयात केलेली आहे काय?

प्रश्न : दरवर्षी मुंबई-पुण्यात समलिंगी आणि पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी सप्तरंगी झेंड्यांच्या मिरवणुका निघतात. हे सारे अमेरिकेचे अनुकरण वाटते. आपल्याकडे असा लढा कधी होता काय, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 व्या कलमाचा निकाल या मिरवणुकांमुळे लागला, असे मानावे काय?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपले म्हणणे निम्मे खरे आहे. सप्तरंगी झेंडा प्रथम 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत फडकला आणि मिरवणुकीची प्रथा न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल येथे जून 1969 मध्ये पोलिसांच्या धाडीविरुद्ध जो उठाव झाला, त्याच्या पहिल्या वर्षदिनापासून पडली. परंतु बाहेरून काय काय आले याचा हिशेब मांडायचाच झाला, तर पहिला मान 377 व्या कलमाला द्यावा लागेल. ब्रिटिशांनी ते 1860 च्या दंडसंहितेत घातले, आणि इंग्लंडने स्वतःचा तसाच कायदा 1967 साली सैल केल्यानंतरही आपण ते अर्धशतक निगुतीने जपले.

आपल्याकडचा एक जुना संघर्ष तर वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरूनच उभा राहिला, ही गोष्ट या सदरात आवर्जून सांगण्याजोगी आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाला वाचक हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरील शंका विचारीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशा उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान देणे हाच त्यावरचा उपाय आहे, असा युक्तिवाद त्यांनी ब्रिटिश लैंगिकशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन केला. कर्वे खटला हरले आणि त्यांना 200 रुपये दंड झाला. याला समलिंगी हक्कांची चळवळ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र हा विषय उघडपणे बोलता यावा यासाठीचा झगडा येथे स्टोनवॉलच्या पस्तीस वर्षे आधी होऊन गेला होता.

संघटित काम पुढे आले ते 1990 च्या सुमारास, आणि त्याला मोठी चालना दिली ती एड्सच्या साथीने. त्या वर्षी पत्रकार अशोक राव कवी यांनी समलिंगी वाचकांसाठीचे ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. 1994 साली हमसफर ट्रस्ट स्थापन झाला, ज्याच्या केंद्राला पुढे महापालिकेने सांताक्रूझच्या वाकोल्यात जागा दिली. दिल्लीत एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या गटाने 11 ऑगस्ट 1992 रोजी पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली, कारण कनॉट प्लेसच्या बागेतून केवळ संशयावरून माणसे उचलली जात होती. तिहार तुरुंगात निरोध वाटण्यास परवानगी नाकारण्यात आली, तेव्हा याच गटाने 1994 साली 377 व्या कलमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुद्दा साधा होता : ज्या संबंधांना कायदा गुन्हा म्हणतो, त्यांच्यासाठी निरोध देणारा आरोग्य कर्मचारीही गुन्ह्याला मदत करणारा ठरतो. ही भीती कागदावरची नव्हती, कारण 2001 साली लखनौत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना खरोखरच कोठडीत टाकण्यात आले. पहिली याचिका पाठपुराव्याअभावी निकालात निघाली. त्याच वर्षी एड्सविषयक काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेने दुसरी दाखल केली आणि तिच्यावर 2 जुलै 2009 रोजी, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून वगळणारा न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि एस. मुरलीधर यांचा गाजलेला निकाल आला. मुंबईतील अशी पहिली मिरवणूक, म्हणजे क्वीअर आझादी यात्रा, ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघाली ती 16 ऑगस्ट 2008 रोजी, म्हणजे ही याचिका सात वर्षे जुनी झाल्यानंतर. तेव्हा निकाल मिरवणुकांनी आणला, असे म्हणता येणार नाही.

तरीही मी मिरवणुकांना निव्वळ देखावा म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल फिरवला, तेव्हा अशा व्यक्तींची संख्या नगण्य असल्याचे कारणही पुढे केले होते. याला खरे उत्तर 2016 साली मिळाले : तोवर मुख्यतः संस्था लढत होत्या, आता नर्तक नवतेज जोहर आणि इतर चौघे स्वतःच्या नावानिशी न्यायालयात उभे राहिले. आपले नाव याचिकेवर घालण्याचे धैर्य रस्त्यावर चेहरा दाखवण्याची सवय झाल्यावर येते, असे माझे मत आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमाच्या कक्षेतून वगळले.

प्रश्न : माझा भाचा आणि त्याचा जोडीदार पुण्यात एकत्र राहतात. 377 गेले, तर आता त्यांना नवरा-बायकोसारखे हक्क आहेत काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाहीत. विवाह हा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी एकमताने ठरवले, आणि विवाहाऐवजी नागरी सहजीवनाला मान्यता देण्याची मागणीही तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. केंद्र सरकारने 2024 साली काही खुलासे केले : संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही, आणि शिधापत्रिकेसाठी दोघांना एका कुटुंबातले धरावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरत नाही. ती पैसे स्वीकारते, मालकी कायदेशीर वारसांकडे जाते. म्हणून भाच्याला आणि त्याच्या जोडीदाराला स्वतंत्र मृत्युपत्रे करण्यास सांगावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी बंधनकारक नाही, पण वाद उद्भवण्याची शक्यता असेल तर करून ठेवावी, आणि साक्षीदारांपैकी एक जण, आपली तयारी असल्यास, आपणच व्हावे.