‘भांडवलवाद’ का नाही? : ‘वाद’, ‘शाही’ आणि विचारांची नावं

प्रश्न असा आहे: समाजवाद, साम्यवाद, राष्ट्रवाद हे शब्द आपण सर्रास वापरतो, हिंदीत ‘पूंजीवाद’ही आहे. मग मराठीत ‘भांडवलवाद’ का नाही, ‘भांडवलशाही’ का? त्याला जोडून दोन उपप्रश्न आहेत. ‘गांधीवादी’ म्हणतो तसं ‘आंबेडकरवादी’ म्हणावं की ‘आंबेडकरी’? आणि या शब्दांतला ‘वाद’ म्हणजे आपण एरवी घालतो तोच वाद का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो. उरलेल्या दोघांचं उत्तर त्यातच अडकलेलं आहे.

‘वद्’ म्हणजे बोलणे. त्यातून वाद, संवाद, विवाद, अनुवाद, अपवाद, प्रवाद अशी मोठी भावकी झाली. कोर्टातले वादी-प्रतिवादी त्यातलेच आणि संगीतातल्या रागांमधले वादी-संवादी स्वरही त्यातलेच. आज ‘वाद’ म्हटलं की चढलेले आवाज आठवतात, पण न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा अभ्यास करणाऱ्या जुन्या भारतीय दर्शनात, हा शब्द चांगला शिस्तीचा होता. तिथे बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावं म्हणून एकाने पक्ष घ्यायचा, दुसऱ्याने प्रतिपक्ष घ्यायचा आणि प्रमाण व तर्क यांच्या आधाराने बोलायचं, हा ‘वाद’. जिंकणं हाच हेतू आणि त्यासाठी शब्दच्छलही चालेल, हा ‘जल्प’. स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं पाडायचं, ही ‘वितंडा’. आपला ‘वितंडवाद’ हा शब्द एखाद्या नैयायिकाने, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याने, ऐकला असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. वितंडा असेल तर तो वाद नव्हेच, असं त्याचं म्हणणं.

एखाद्या मताला ‘अमुकवाद’ म्हणण्याची रीत इंग्रजी आमदानीत आली असा एक समज आहे. तो खरा नाही. कार्य कारणात आधीच असतं, म्हणजे मातीत मडकं असतंच, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. नाही, ते नव्याने निर्माण होतं, हा न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद. जैनांचा स्याद्वाद, बौद्धांचा क्षणिकवाद, वेदांत्यांचा विवर्तवाद ही सगळी जुनीच नावं. यातला प्रत्येक वाद कोणाच्या तरी समोर उभा आहे. सत्कार्यवाद्याला असत्कार्यवादी समोर हवाच, नाहीतर तो बोलणार कोणाशी? शिवाय आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत पूर्वपक्ष म्हणून नीट मांडायचं, असा दंडक होता.

मराठीत या परंपरेचं सगळ्यात देखणं चित्र ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०) अगदी सुरुवातीला आहे. गणेशाचं वर्णन करताना सहा दर्शनं हे त्याचे सहा हात झाले आहेत. ‘तरी तर्कु तोचि फरशु । नीतिभेदु अंकुशु । वेदांतु तो महारसु । मोदकाचा ॥’ एका हातातला मोडका दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेलं बौद्धमत. आणि तोंडातला शाबूत, पांढरा दात कोणता? ‘संवादु’. मला यात एक गोष्ट फार आवडते: ज्या मताचं खंडन झालं ते मूर्तीतून काढून टाकलेलं नाही. ते मोडक्या दाताच्या रूपाने देवाच्या हातातच आहे. तत्त्वज्ञान वाङ्मयात येतं म्हणजे कसं येतं, याचा एवढा नेमका नमुना दुसरा चटकन सापडणार नाही. दर्शनांची जंत्री न देता त्यांच्या आपसातल्या नात्याचंच चित्र काढलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात मिल, स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचणाऱ्या पिढीला नव्या युरोपीय मतांसाठी नावं हवी होती. ‘वाद’ हाताशी होताच. उपयुक्ततावाद, व्यक्तिवाद, अज्ञेयवाद असे शब्द या वाटेने घडले. अज्ञेयवादाचा मूळ इंग्रजी शब्दच हक्सलीने १८६९मध्ये बनवला, आणि १८८८मध्ये ‘सुधारक’ हे वर्तमानपत्र सुरू करणारे आगरकर आज आपण अज्ञेयवादी म्हणून ओळखतो. म्हणजे नवं मत किती झपाट्याने इकडे पोचलं पाहा. ते नुसतं पुस्तकात राहिलं नाही. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींसाठी शरीरसंबंधाच्या संमतीचं किमान वय दहावरून बारा वर्षांवर नेलं, तेव्हा आगरकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचं म्हणणं असं, की सुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने कायद्याने लादू नये. माणसाच्या खासगी आयुष्यात कायद्याने किती शिरावं, हा मिलचा प्रश्न मराठी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत भांडला गेला. दोन्ही बाजूंनी जल्प आणि वितंडा पुष्कळ झाली. तरी बराच भाग न्यायदर्शनातल्या अर्थाने ‘वाद’ होता.

जोतीराव फुल्यांचा मार्ग वेगळा. ते टॉमस पेन या पुरोहितशाहीविरोधी लेखकाने प्रभावित झालेले. जग निर्माण करणारा एक आहे, पण त्याला भट-पुरोहितांची मध्यस्थी लागत नाही, हा विचार त्यांनी कुठल्याही वादाच्या नावाने मांडला नाही. त्यांनी देवाचंच नाव बदललं आणि ‘निर्मिक’ म्हटलं. देव, ईश्वर, भगवान या प्रत्येक शब्दाबरोबर पूजा, मूर्ती आणि पुजारी आपोआप येतात. निर्मिकाबरोबर कोणी येत नाही. अख्खं तत्त्वज्ञान एका नामात बसवण्याचं असं उदाहरण विरळा. सत्यशोधक समाजाच्या (१८७३) नावातही ‘वाद’ नाही. ‘शोधक’ आहे, म्हणजे सत्य सापडलं असा दावा नाही.

आता ‘शाही’कडे. हा फारसी ‘शाह’वरून आलेला. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, मग शिवशाही. मराठी कानाला ‘शाही’ म्हणजे कोणाचा तरी अंमल. म्हणून लोकांचा अंमल ती लोकशाही, एकाच्या हुकमाचा अंमल ती हुकूमशाही, कचेरीतल्या नोकरांचा अंमल ती नोकरशाही. भांडवलाला याच रांगेत बसवलं गेलं. हिंदीने ‘पूंजीवाद’ म्हणून तो एक विचार मानला, तर मराठीने ‘भांडवलशाही’ म्हणून तो एक अंमल मानला. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर हे. आणि मला मराठीची निवड जास्त नेमकी वाटते. युरोपातही हा शब्द मुख्यतः टीकाकारांनी, समाजवाद्यांनी चलनात आणला, आणि खुद्द मार्क्सचा भर ‘भांडवली उत्पादनपद्धती’ या शब्दप्रयोगावर होता. ती त्याच्या लेखी एक व्यवस्था होती. ती मान्य आहे का, असं कामगाराला कोणी विचारत नाही.

गंमत पुढे आहे. हुकूमशाहीचा हुकूमशहा होतो, नोकरशाहीचा नोकरशहा, भांडवलशाहीचा भांडवलशहा. लोकशाहीचा ‘लोकशहा’ मात्र होत नाही! तिथे आपल्याला ‘लोकशाहीवादी’ असं दुहेरी शेपूट लावावं लागतं. व्याकरणाने नकळत बरोबर सांगितलं आहे: लोकांच्या राज्यात शहा कोणी नसतो, पण ते राज्य असावं असा पक्ष घेणारे लागतात. ‘साम्राज्यशाही’ आणि ‘साम्राज्यवाद’ हे दोन्ही शब्द मराठीत आहेत आणि काळजीपूर्वक लिहिणारा ते वेगळे ठेवतो: प्रत्यक्ष अंमल तो पहिला, तो असावा असं धोरण तो दुसरा. याच न्यायाने बाजारपेठेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या विचाराला कोणी ‘भांडवलवाद’ म्हटलं तर मी त्याला अशुद्ध म्हणणार नाही. पण तो विचार मानणारे स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत. ते ‘उदारमतवादी’ म्हणतात, किंवा ‘खुल्या अर्थव्यवस्थेचे समर्थक’.

म्हणून कोणताही ‘वाद’ समोर आला की मी एक चाचणी लावतो: ‘मी अमुकवादी आहे’ असं छातीवर हात ठेवून म्हणणारा माणूस सापडतो का? समाजवादी सापडतो, बुद्धिप्रामाण्यवादी सापडतो, स्त्रीवादीही सापडते. ‘मी चंगळवादी आहे’ असं म्हणणारा सापडत नाही. जातीयवाद, प्रांतवाद, मूलतत्त्ववाद यांचंही तेच. ही नावं बाहेरून, विरोधकांनी दिलेली. चंगळवाद हा शब्द झकासच आहे, मला तो हवाच आहे. पण त्याला ‘वाद’ लावल्यामुळे जणू त्यामागे एखादं दर्शन असावं असा भास होतो. राजकारणात हे मुद्दाम केलं जातं. समोरच्याच्या वागण्याला ‘वाद’ चिकटवला की त्याच्या वतीने पूर्वपक्ष आपणच लिहायला मोकळे.

आता ‘आंबेडकरी’ की ‘आंबेडकरवादी’. व्यक्तीच्या नावाला ‘वाद’ लावण्याची पद्धत मार्क्सवाद, गांधीवाद, रॉयवाद, लोहियावाद अशी रुळली. त्यात एक विनोद दडलेला आहे: आपण मार्क्सवादी नाही असं मार्क्स एकदा म्हणाल्याचं एंगल्सने नोंदवून ठेवलं आहे, आणि गांधीवाद नावाची काही चीज नाही असं गांधींनी १९३६मध्ये स्वतःच लिहिलं. स्वतःच्या विचाराला नाव देताना त्यांनी ‘सर्वोदय’ हा शब्द घडवला, रस्किन या इंग्रज लेखकाच्या पुस्तकाचं गुजराती रूपांतर करताना, १९०८मध्ये.

‘आंबेडकरी’ची घडण निराळी. हा ‘ई’ संबंध आणि आपलेपणा दाखवणारा प्रत्यय आहे. आंबेडकरी चळवळ, आंबेडकरी जलसा, आंबेडकरी गाणी. जलशांतून समतेचा विचार गावोगाव पोचला तेव्हा ऐकणाऱ्यांनी आधी सिद्धांत तपासून मग पक्ष घेतला असं झालं नाही. ती माणसं त्या विचाराची झाली. म्हणून चळवळ, वस्ती, गाणं, माणूस यांच्यासाठी ‘आंबेडकरी’ चपखल बसतो. स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीची तात्त्विक मांडणी, बुद्धाच्या शिकवणुकीशी तिचं नातं, अशी चर्चा असेल तेव्हा ‘आंबेडकरवादी’ योग्य. (ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४मध्ये आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट केलं होतं.) दोन्ही शब्द शुद्ध आहेत, एकाने दुसऱ्याला हुसकावून लावायचं कारण नाही. साहित्याच्या बाबतीत मात्र ‘दलित’, ‘आंबेडकरी’, ‘आंबेडकरवादी’ यांपैकी कोणतं विशेषण लावायचं हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही, लेखक स्वतःला कुठे उभा करतो त्याचा आहे. तिथे लेखकाने स्वतः निवडलेला शब्द वापरावा.

साहित्यात ‘वाद’ कसा जन्मतो ते फडके-खांडेकरांच्या वेळी दिसलं. कलेसाठी कला असं म्हणणारे फडके कलावादी ठरले, तर जीवनासाठी कला म्हणणारे खांडेकर जीवनवादी. जोडीजोडीने उभे राहणारे सत्कार्यवाद-असत्कार्यवाद इथे नव्या वेषात आले, असं मला वाटतं. कला आणि जीवन ही काही खरोखरची विरुद्ध टोकं नव्हेत; ‘वाद’ लागल्यावर ती तशी भासू लागली. पुढे भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी आली तेव्हा तिची चर्चा अस्तित्ववादाच्या अंगाने झाली. तिच्याच लेखकाने नंतर देशीयतेचा पुरस्कार केला आणि चर्चेत ‘देशीवाद’ हा शब्द रुळला. इथे ‘ता’ आणि ‘वाद’ यांतला फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. देशीयता हा गुण, देशीवाद ही भूमिका. वास्तवता आणि वास्तववाद, राष्ट्रीयता आणि राष्ट्रवाद, तसंच आधुनिकता आणि आधुनिकतावाद. शेवटची जोडी तर समीक्षेतही सर्रास एकमेकींच्या जागी वापरली जाते. आधुनिकता म्हणजे यंत्रयुग, शहर, विज्ञान यांनी घडवलेली स्थिती. आधुनिकतावाद म्हणजे त्या स्थितीला कलेने दिलेला, पुष्कळदा चिडलेला, प्रतिसाद. मर्ढेकर आधुनिकतावादी होते. आधुनिकतेवर ते खूश होते असं त्यांच्या कविता वाचून कोणी म्हणणार नाही.

शब्द निवडताना राजकारण कसं वळतं याचं एक उदाहरण देऊन टाकतो. होलिओक या इंग्रज विचारवंताने १८५१मध्ये बनवलेल्या ‘सेक्युलरिझम’ला मराठीत किमान चार शब्द आहेत. ‘इहवाद’ हा मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा: परलोकाचा हवाला न देता या जगातल्या कल्याणावर नीती उभी करणं. ‘धर्मनिरपेक्षता’ हे राज्याचं धोरण. ‘सर्वधर्मसमभाव’ हा गांधींच्या वळणाचा, जवळजवळ धार्मिक विचार. आणि ‘निधर्मी’ हा बहुधा टोमणा. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत हा शब्द आला तेव्हा मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’ झालं, हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’, गुजरातीत ‘बिनसांप्रदायिक’. धर्मापासून अलग आणि पंथापासून अलग या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि व्यासपीठांवरचे कितीतरी वाद या फटीतच रंगतात. एकजण इहवादाला उत्तर देत असतो, दुसरा सर्वधर्मसमभावाची बाजू मांडत असतो, आणि दोघांनाही आपण एकाच विषयावर बोलतोय असं वाटत असतं.

‘विचारसरणी’, ‘विचारधारा’, ‘विचारप्रणाली’ यांतला फरकही विचारला जातो. फरक फारसा नाही. ‘विचारसरणी’ मराठीत जुना आणि सर्वांना पेलणारा, ‘विचारधारा’ हिंदीच्या सहवासाने बळावलेला, ‘विचारप्रणाली’ ग्रंथांतला. ‘तत्त्वज्ञान’ मात्र यांचा पर्याय म्हणून वापरू नका. पक्षाला विचारसरणी असते. तिच्या मुळाशी एखादं तत्त्वज्ञान असेल किंवा नसेल.

लिहिण्याच्या दोन बारीक गोष्टी. ‘समाजवादी’, ‘स्त्रीवादी’ हे एकच शब्द आहेत. ‘समाज वादी’ असं तोडून लिहू नये. आणि ‘तत्त्व’ म्हणजे तत् अधिक त्व, म्हणून त्यात त दोनदा. ‘तत्वज्ञान’ असं एका त-वर भागवलेलं पुष्कळदा छापलेलंही दिसतं, पण ते चूकच.