झेब्राफिशच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो परत कसा वाढतो? त्यासाठी मूळ पेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) लागतात का?

मूळ पेशींची गरज पडत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. 2002 मध्ये संशोधकांनी झेब्राफिशच्या जवनिकेचा, म्हणजे हृदयातून रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचा, सुमारे 20 टक्के भाग कापला. आधी जखमेवर रक्ताची गुठळी बसली, मग फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या तंतुमय प्रथिनाचा थर आला आणि साधारण दोन महिन्यांत तिथे धडधडणारा स्नायू तयार झाला.

हा नवा स्नायू येतो तो शेजारच्या जुन्या स्नायूपेशींपासूनच. 2010 मध्ये पेशींना रंगीत खूण करून हे दाखवलं गेलं. जखमेजवळच्या पेशींमध्ये भ्रूणात हृदय घडवताना काम करणाऱ्या गाटा-4 या जनुकाचं नियंत्रक क्षेत्र (ते चालू-बंद करणारा भाग) पुन्हा जागं होतं, आकुंचनासाठीची प्रथिनांची घट्ट रचना सैल पडते आणि पेशी विभागू लागतात. हृदयाचं बाहेरचं आवरण रेटिनॉइक आम्ल बनवून त्यांना साथ देतं.

आपल्यात हे का होत नाही? झेब्राफिशच्या बहुतेक हृदयपेशींत गुणसूत्रांचे दोनच संच असतात. आपल्या बऱ्याच पेशींत ते वाढलेले असतात, आणि अशा पेशी सहसा विभागत नाहीत. हे एकमेव कारण नक्कीच नव्हे. पण सस्तन प्राण्यांत ही क्षमता मुळातच नसते असं नाही: एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाचं हृदय भरून येतं, आठवडाभरात मात्र ही क्षमता जाते.