व्हिडिओ संपला हे कसं कळणार? निपाणीच्या पेजवाल्यांसाठी उत्तर

तुमचा प्रश्न वाचलो. म्हणजे क्लासच्या पेजवर तुम्ही सेटइंटरवल (ठराविक वेळानं तेच काम परत करणारा जावास्क्रिप्टचा टायमर) लावून दर सेकंदाला करंटटाइम (व्हिडिओ कुठवर आला) आणि ड्युरेशन (एकूण लांबी) सारखे झाले का बघताय, झाले की ‘पुढचा धडा’ बटण दाखवायचं, तुमच्या लॅपटॉपवर चालतंय पण पोरांच्या मोबाईलवर कधी दिसतंय कधी नाही, आणि यूट्यूबचे धडे लावले तिथं तर काहीच होत नाही. बरोबर की?

अहो कुकरला शिट्टी असताना झाकण काढून भात बघायला कशाला जाताय. ते दोन्ही आकडे दशांशातले, शेवटी अगदी तंतोतंत जुळतीलच याची गॅरंटी नाही, आणि मोबाईलची स्क्रीन बंद झाली किंवा पोरगं दुसऱ्या टॅबवर गेलं की ब्राउझर तुमचा टायमरच मंद करतो. टाइमअपडेट, म्हणजे व्हिडिओ चालताना ब्राउझर वेळ बदलल्याची जी सूचना (इव्हेंट) देत राहतो, तिच्यावर तुलना केली तरी आकडे तंतोतंत जुळायचा प्रश्न राहतोच.

साधा व्हिडिओ टॅग असेल तर त्यालाच ‘एंडेड’ इव्हेंटचा लिसनर, म्हणजे ती सूचना आली की चालणारा कोड, लावा, झालं. लूप (संपला की परत पहिल्यापासून) चालू असेल तर हा इव्हेंट येतच नाही, मी एकदा यात अख्खी दुपार घालवलो, टेम्प्लेटमध्ये कुणीतरी लूप टाकून ठेवलेलं. आणि तो बबल होत नाही, म्हणजे व्हिडिओवरून बाहेरच्या टॅगकडे पोचत नाही, म्हणून बाहेरच्या डिव्हवर लिसनर लावून वाट बघत बसू नका. अजून एक, संपताना आधी ‘पॉज’ येतो, मग ‘एंडेड’, तर पॉजवर ‘थांबलास का रे’ असला मेसेज दाखवत असाल तर तिथं आधी व्हिडिओची एंडेड प्रॉपर्टी तपासा, नाहीतर धडा पूर्ण केलेल्या पोरालाच तुम्ही दटावणार.

यूट्यूबचं वेगळं. तो आयफ्रेममध्ये (तुमच्या पेजात बसवलेलं दुसरं पेज), दुसऱ्या डोमेनचा, तुमच्या स्क्रिप्टला आत हात घालता येत नाही. त्यांचा आयफ्रेम एपीआय (बाहेरून प्लेअरशी बोलायची सोय) घ्या, स्थिती बदलली की येणाऱ्या ऑनस्टेटचेंजमध्ये डेटा ० आला की संपला, १ म्हणजे चालू, २ पॉज, ३ बफरिंग. खानापूरच्या जंगलाकडच्या गावात रेंज गेली की ३ येतो, त्याला संपला समजू नका. आयफ्रेम स्वतः लिहिला असाल तर पत्त्यात enablejsapi=1 (एनेबलजेएसएपीआय) पाहिजे, तुमच्यात तेच राहिलंय असं मला वाटतंय.

आता खरी गोम. संपला म्हणजे बघितला असं नाही! बेळगावच्या एका क्लासचं काम मी केलो होतो, एंडेड आला की टेस्ट उघडायची, दोन दिवसांत पोरं हुशार झाली, पट्टी धरून सरळ शेवटाला ओढायची, एंडेड येतोच की तरीपण, आणि चाळीस मिनिटांचा धडा अर्ध्या मिनिटात ‘पूर्ण’. सर खूश, सगळी पोरं नियमित म्हणून! मग मी व्हिडिओची ‘प्लेड’ प्रॉपर्टी वापरलो, त्यात खरोखर चाललेले तुकडे मिळतात, प्रत्येकाचा स्टार्ट आणि एंड, वजाबाकी करून बेरीज घ्यायची आणि ड्युरेशनच्या ९० टक्के झाली तरच टेस्ट. तोच तुकडा दोनदा बघितला तरी एकदाच धरला जातो. पेज रिफ्रेश केलं की मात्र सगळं कोरं, तेव्हा अधूनमधून सर्व्हरवर साठवा. यूट्यूबला प्लेड नाही, तिथं गेटकरंटटाइम थोड्या थोड्या वेळानं विचारून उडी मारली का ते आपणच धरायचं, कटकट आहे पण चालतंय. व्हिडिओ म्यूट करून मोबाईल उपडा ठेवून खेळायला गेलेल्या पोराला कुठलाच इव्हेंट पकडत नाही, ते सरांचं काम.

आधी तो एनेबलजेएसएपीआय बघून घ्या, तरी नाही झालं तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणारी खिडकी) काय लाल येतंय ते इथं टाका, संध्याकाळी बघतो.